दोनशे रुपयांचा दंड आणि जन्माची नोंद

शासकीय सेवेसाठी निवड झालेल्या उमेदवाराच्या हाती रुजू होण्यापूर्वी जे कागद पडतात त्यांत साक्षांकन नमुना नावाचा एक कागद असतो, आणि नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, गेल्या काही वर्षांतील वास्तव्याचे पत्ते असा निरुपद्रवी मजकूर भराभर लिहून होत आला की त्यातील एका रकान्याशी पुष्कळांची लेखणी अडखळते. तुम्हाला कधी अटक झाली होती काय, तुमच्यावर खटला भरला गेला होता काय, तुम्हाला स्थानबद्ध केले होते काय, तुमच्याकडून मुचलका लिहून घेतला होता काय, न्यायालयाने तुम्हाला दंड केला होता काय, अशा प्रश्नांची एक रांगच तेथे उभी असते. उत्तर होय किंवा नाही एवढेच द्यायचे असते, आणि गोष्ट दोन महिन्यांपूर्वीची आहे की वीस वर्षांपूर्वीची, याची विचारपूस करण्याची तसदी तो नमुना घेत नाही. शिरोभागी मात्र ताकीद असते, की खोटी माहिती देणे अथवा खरी माहिती दडविणे ही अपात्रता समजली जाईल.

या रकान्याशी थबकणारे सगळेच काही दरवडेखोर नसतात. शेताच्या बांधावरून चुलतभावांशी झालेली झोंबाझोंबी आणि तिच्यातून उद्भवलेली ३२३, ५०४, ५०६ ही खेड्यापाड्यांत शाळकरी पोरालाही पाठ असलेली कलमांची त्रयी. महाविद्यालयाच्या शुल्कवाढीविरुद्धच्या मोर्चात चार पावले चालल्याबद्दल जमावबंदीच्या हुकुमाचा भंग. गौरी-गणपतीच्या जागरणात मंडपामागे मांडलेला पत्त्यांचा डाव. मुंबईत पुलाचा वळसा टाळण्यासाठी रूळ ओलांडताना पकडले जाऊन रेल्वेच्या दंडाधिकाऱ्यापुढे भरलेला दंड. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवाना जवळ नसताना घेतलेला एक घोट. किंवा निवडणुकीच्या तोंडावर पोलीस ठाण्याने वस्तीतील दहा-वीस पोरांना एकाच दावणीला बांधून केलेली चॅप्टर केस, अशा गोष्टींनी हा रकाना भरतो. २०२० च्या टाळेबंदीत घराबाहेर पडल्याबद्दल कलम १८८ खाली राज्यभर जे गुन्हे नोंदले गेले त्यांची तर गणतीच नाही. ते खटले मागे घेण्याचे धोरण सरकारला पुढे स्वतःच जाहीर करावे लागले, कारण त्यांत अडकलेल्यांत नोकरीच्या उंबरठ्यावरचे असंख्य विद्यार्थी होते. १ जुलै २०२४ पासून दंड संहिता गेली आणि न्याय संहिता आली, कलमांचे आकडे बदलले. बांध आणि चुलतभाऊ मात्र जागच्या जागी आहेत.

तालुक्याच्या न्यायालयात ज्याने एखादी सकाळ काढली असेल त्याला पुढचा प्रसंग डोळ्यांपुढे आणण्यास कष्ट पडणार नाहीत. बाहेर कडुनिंबाखाली पक्षकार बसलेले, दारातून पट्टेवाल्याचा पुकारा होतो आणि विशीतला एक तरुण, मागे हातात टोपी धरलेले त्याचे वडील, असे दोघे आत जातात. तारखांवर तारखा पडून तीन पावसाळे उलटलेले असतात. फिर्यादी कधी येतो, कधी येत नाही. साक्षीदार मुंबईला कामाला गेलेला असतो. वकील व्हरांड्यात त्याला बाजूला घेऊन सांगतात, ‘‘अरे, किती दिवस हेलपाटे घालशील? गुन्हा कबूल करून टाक. दोनशे-पाचशे दंड होईल, आजच्या आज मोकळा होशील.’’ वडील म्हणतात, ‘‘साहेब सांगतात तसं कर बाबा, पेरणी खोळंबलीय.’’ न्यायाधीश विचारतात, गुन्हा कबूल आहे काय. तो म्हणतो, कबूल आहे. स्वखुशीने सांगतोस काय, होय, साहेब. रोजनाम्यात चार ओळी लिहिल्या जातात, दंडाची पावती फाटते, ती घडी घालून सदऱ्याच्या खिशात जाते, आणि बापलेक एस.टी. गाठतात. चहा पिऊन होण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात एक मनुष्य कायद्याच्या दृष्टीने सिद्धदोष झालेला असतो, आणि ही गोष्ट त्याला सांगण्याची आवश्यकता त्या दालनातील कोणालाही भासलेली नसते.

यातील विपर्यास असा, की त्याच दिवशी, त्याच दालनात, त्याच बांधावरच्या भांडणाचा शेवट निराळ्या रीतीने झाला असता तर तो निष्कलंक ठरला असता. ३२३, ५०४, ५०६ ही तिन्ही कलमे सामान्यतः तडजोडयोग्य आहेत. ज्याला मार लागला किंवा शिवी बसली त्या चुलतभावाने तडजोडीस संमती दिली असती, तर फौजदारी प्रक्रियेच्या नियमाप्रमाणे त्या तडजोडीचा परिणाम निर्दोष सुटकेइतकाच होता. दुसरी एक वाट १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने ठेवलेली आहे. त्याखाली न्यायालय पहिल्याच वेळी चुकलेल्या मनुष्यास समज देऊन अथवा चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडू शकते, आणि अशा दोषसिद्धीमुळे कायद्याने जडणारी अपात्रता त्यास जडणार नाही असे त्याच कायद्याचे बारावे कलम सांगते. परंतु तडजोडीसाठी रुसलेल्या भावाचे पाय धरावे लागतात, परिवीक्षेसाठी अर्ज करावा लागतो, आणि दंड भरण्यास मात्र खिशात हात घालणे पुरते. जो प्रामाणिकपणे कबूल करतो तो कायमचा डागाळतो, आणि जो ‘मी त्या गावचाच नाही’ म्हणून दहा वर्षे खटला ओढीत नेतो तो पुराव्याअभावी सुटतो. सत्य बोलण्याची एवढी किंमत मोजायला लावणारी व्यवस्था नंतर त्याच मनुष्याकडून नमुन्याच्या रकान्यात सत्याची अपेक्षा करते, हे काही केल्या मनास पटत नाही.

त्या रकान्यात खरे लिहावे की न लिहावे, या प्रश्नावर उच्च न्यायालयांपासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत निर्णयांचा ढीग पडला आहे. २०११ साली दिल्लीतील हवालदाराच्या जागेसाठी निवडलेल्या एका तरुणाने आपल्यावरील जुना, तडजोडीने मिटलेला मारामारीचा खटला लपविल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू यांच्या पीठाने तरुणपणाच्या अविचाराला क्षमा असावी असे म्हणून त्यास आधार दिला, आणि तसे करताना पावाच्या एका तुकड्याच्या चोरीपायी जन्मभर चोर ठरलेल्या, व्हिक्तर ह्यूगोच्या जाँ वालजाँचे स्मरण केले. पुढे निरनिराळ्या पीठांनी निरनिराळी मते दिल्यामुळे २०१६ च्या जुलैमध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सर्व धागे एकत्र ओवले: तरुण वयात घोषणा दिल्यासारख्या क्षुल्लक प्रकरणातील दोषसिद्धी उमेदवाराने लपविली असली तरी नियोक्त्याला ती चूक क्षम्य मानता येईल, उलटपक्षी, निकाली निघालेला खटला उमेदवाराने सचोटीने जाहीर केला असला तरी त्याचे पूर्वचारित्र्य तपासण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहीलच आणि नेमणूक देण्याची सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. न्यायशास्त्राच्या दृष्टीने हा समतोल निर्दोष असेल. पण त्याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, की लपविणाऱ्यालाही दयेवर जगायचे आहे आणि सांगणाऱ्यालाही. आणि ती दया कोणाच्या हाती? आस्थापना शाखेतील ज्या अव्वल कारकुनाला आपल्या सहीने उद्या चौकशी लागेल अशी धास्ती असते, त्याच्या टिप्पणीत. पोलीस ठाण्याच्या अहवालात ‘निरंक’ असा शेरा नसला की फाईल बाजूला ठेवणे हे त्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित.

न्यायालयात गेलेल्यास न्याय मिळतोही. केव्हा, ते पाहावे. उत्तर प्रदेशातील एक उमेदवार २००४ च्या भरतीत शिपाईपदासाठी निवडला गेला. त्याच्यावरील खटल्यात तो निर्दोष सुटलेला होता, परंतु प्रतिज्ञापत्रात त्याने त्याचा उल्लेख केला नाही म्हणून निवड रद्द झाली, आणि ती चुकीने रद्द झाली असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला तो २०२४ च्या फेब्रुवारीत. वीस वर्षांत शिपायाचा फौजदार होतो.

या सर्व निर्णयांच्या गर्दीत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १९९६ चा एक निर्णय. हरयाणा सरकारच्या सेवेतील एका तरुणास त्याच्या जुन्या दोषसिद्धीवरून कामावरून कमी करण्यात आले होते. गुन्हा कोणता? सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तनासंबंधीचे कलम २९४. शिक्षा किती? १९८० साली कबुलीवरून झालेला वीस रुपये दंड. जिल्हा न्यायालयापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यायसंस्थेच्या साऱ्या पायऱ्या या वीस रुपयांनी झिजविल्या, आणि अखेरीस न्यायालयाने म्हटले की एवढ्यावरून नैतिक अधःपतनाचा निष्कर्ष निघत नाही. पण न्यायमूर्ती तेवढ्यावर थांबले नाहीत. संक्षिप्त चौकशीने निकालात निघणाऱ्या खटल्यांत हजारो लोक निव्वळ सुटका करून घेण्यासाठी गुन्हा कबूल करतात, त्यांच्या उपजीविकेवर त्याचा किती घातक परिणाम होतो, हे संसदेने लक्षात घ्यावे. आणि एका ठरावीक मर्यादेपर्यंतचा, उदाहरणार्थ दोन हजार रुपयांपर्यंतचा, दंड ही कोणत्याही कारणासाठी, विशेषतः सरकारी नोकरीसाठी, दोषसिद्धी मानली जाऊ नये अशी तरतूद करावी, असे त्यांनी सुचविले. या सूचनेला आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला. मधल्या काळात संसदेने फौजदारी कायद्याचे तिन्ही ग्रंथ नव्याने लिहिले, पाच हजार रुपयांपर्यंतच्या पहिल्या चोरीस समाजसेवेची शिक्षा देण्याचे औदार्यही त्यांत दाखविले. ही सूचना मात्र त्या तीन ग्रंथांपैकी एकातही शिरली नाही.

लहान अपराध काळाबरोबर शिळा होतो, हे तत्त्व आपल्या कायद्याला अपरिचित आहे असेही नाही. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे त्याची दखल सहा महिन्यांनंतर न्यायालयाने घेऊ नये, एक वर्षापर्यंत कैदेच्या गुन्ह्याची एका वर्षानंतर घेऊ नये, असा मुदतीचा नियम १९७३ च्या प्रक्रिया संहितेत होता आणि नव्या संहितेतही आहे. म्हणजे पोलिसांनी आळस केला तर सहा महिन्यांत अपराध विरून जातो. त्यांनी तत्परता दाखविली आणि आरोपीने दंड भरला, तर तोच अपराध साठ वर्षेही विरत नाही. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत कायदा याहून पुष्कळ शहाणा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याने, काही अत्यंत गंभीर प्रकरणे सोडल्यास, मुलाच्या अपराधाची अपात्रता पुसून टाकली आहे, आणि प्रकरण निकाली निघाल्यावर चारित्र्याच्या दाखल्यासाठी त्याची नोंद पोलिसांनी उघड करू नये असेही स्पष्ट बजावले आहे. अठरावा वाढदिवस साजरा होण्यापूर्वीच्या रात्री केलेली मारामारी दप्तरातून नाहीशी होते. दुसऱ्या दिवशी केलेली, निवृत्तीच्या वयापर्यंत सोबत करते.

आता हुद्द्यांची उतरंड पाहा. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्याप्रमाणे, त्यात नामनिर्देश केलेले काही विशेष गुन्हे वगळले तर, दोन वर्षांहून कमी शिक्षा झालेला मनुष्य आमदार, खासदार आणि म्हणून मंत्रीही होऊ शकतो, आणि ज्याला दोन वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षा झाली त्याचीही अपात्रता सुटकेनंतर सहा वर्षांनी संपते. प्रलंबित खटल्यांचा तर प्रश्नच नाही; ते शपथपत्रात लिहिले की झाले. खाजगी सुरक्षा संस्थांसाठी केलेला २००५ चा कायदा मात्र सांगतो, की न्यायालयाने दोषी ठरविलेल्या इसमास सुरक्षारक्षक म्हणून नेमता येणार नाही. तेथे शिक्षेच्या प्रमाणाचा विचार नाही आणि मुदतही नाही. राज्याचा कारभार हाकण्यास जो पात्र, त्याच्या बंगल्याच्या फाटकावर बारा तास उभे राहण्यास तो अपात्र, अशी ही संसदेने स्वतःच्या आणि चौकीदाराच्या बाबतीत लावलेली न्यायाची दोन मापे आहेत.

खाजगी कंपन्यांचा प्रकार वेगळाच. तेथे साक्षांकन नमुना नसतो. नेमणुकीच्या पत्रातच, ‘पार्श्वभूमीच्या पडताळणीच्या अधीन राहून’ असे एक वाक्य असते, आणि ती पडताळणी त्रयस्थ संस्थेकडे सोपविलेली असते. न्यायालयांची दप्तरे संगणकावर आल्यापासून पक्षकाराच्या नावावरून खटला शोधणे ही कोणालाही घरबसल्या करता येणारी गोष्ट झाली आहे. पारदर्शकतेच्या दृष्टीने ती इष्टच होती, पण त्या नोंदीत खटल्याचा जन्म जितका ठसठशीत दिसतो तितका त्याचा मृत्यू दिसत नाही. नाव, वडिलांचे नाव, आडनाव तिन्ही जुळणारे दोघे इसम एकाच तालुक्यात सापडावेत ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नव्हे, आणि तरीही एकाचा खटला दुसऱ्याच्या माथी बसला, तर त्या दुसऱ्याला बहुधा तो बसल्याचे कळतही नाही. त्याला एवढेच कळते की कंपनीने पुढे काही कळविले नाही. सरकारी नकाराविरुद्ध निदान न्यायाधिकरणाचा दरवाजा आहे. या मौनाविरुद्ध दाद कोठे मागावी?

पडताळणीच नको, असे म्हणणारा मी नव्हे. ज्याच्या हाती शाळेतील लेकरे, रुग्णालयातील असहाय माणसे किंवा बँकेची रोकड सोपवायची त्याचा भूतकाळ कसून तपासलाच पाहिजे, आणि २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेतील चिमुकल्या मुलींवरील अत्याचाराच्या घटनेनंतर तर हे कोणाला पटवून देण्याची गरज उरलेली नाही. लैंगिक अत्याचार, अपहार, खंडणी यांच्या नोंदी टिकल्या पाहिजेत. पण लहान मुलांची गाडी चालविणाऱ्याने पूर्वी दारूच्या नशेत वाहन हाकले होते काय, हा प्रश्न त्या कामाशी संबद्ध आहे. लेखनिकाने दहा वर्षांपूर्वी रूळ ओलांडला होता काय, हा नाही. अपराध आणि काम यांचा संबंध पाहण्याची तसदी न घेता सरसकट सगळ्यांना एकाच चाळणीतून गाळणारी पडताळणी कष्टाने कसून तपासल्याचा देखावा तेवढा उभा करते, आणि खरा धोकादायक मनुष्य, ज्याच्याविरुद्ध कधी फिर्यादच झालेली नसते, तो तिच्यातून ‘निरंक’ होऊन बाहेर पडतो.

नोंदीवरून माणसाची पारख करण्याची सवय आपल्याकडे कोणाला सर्वांत महाग पडली, हेही सांगितले पाहिजे. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून दप्तरात चढविल्या; सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड त्यांच्या पिढ्या हजेरी देत जगल्या. १९५२ च्या ऑगस्टअखेर तो कायदा गेला, कुंपण निघाले, दप्तरांची मानसिकता मात्र तेवढ्या सहज निघाली नाही. गावाशेजारी चोरी झाली की प्रथम पारध्यांच्या पालावर जाण्याचा रिवाज ज्या राज्यात अजून मेलेला नाही, तेथे पोलीस ठाण्यातील नोंद ही वर्तनाची नोंद असते तितकीच ती जन्माचीही असते. आणि म्हणून त्या नोंदीला जन्मभराचे आयुष्य देणे म्हणजे जुन्याच कुंपणाला नवी तार लावणे होय.

याच महाराष्ट्राच्या मातीत याच्या अगदी उलट असा एक प्रयोग होऊन गेला आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत उभी राहिली. जन्मठेपेच्या कैद्यांना कुलूप आणि भिंत यांच्यावाचून शेती करू दिली, त्यांच्या वचनावर त्यांना ठेवले. त्याच प्रयोगावरून ग. दि. माडगूळकरांच्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ काढला आणि तो जगभर गाजला. एका लहानशा संस्थानाने ज्यांच्या हातून खून झाले त्यांच्यावर जेवढा विश्वास टाकला तेवढा आजचे राज्य पत्त्यांच्या डावात सापडलेल्या पोरावर टाकू शकत नाही. आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी ज्या हजारोंनी जमावबंदी मोडून अटक करवून घेतली, त्यांच्या नातवंडांना आज तेच कलम नोकरीआड येते, हे तर या राज्याने आपल्या जन्मदात्यांचे पांग फेडण्याची तऱ्हाच म्हणावी लागेल.

ज्या इंग्रजांच्या दंड संहितेवर आपण एकशे साठ वर्षे चाललो त्यांनी स्वतःच्या देशात १९७४ सालीच कायदा करून ठेवला, की किरकोळ शिक्षा ठरावीक मुदतीनंतर कालबाह्य समजावी आणि एरवीच्या नोकरीत त्या मनुष्याने ती सांगण्याचे कारण नाही. मुले, रुग्ण, न्याय, पोलीस अशा कामांना अपवाद ठेवले. आपल्याकडे संसद तसा कायदा करील तेव्हा करो. दरम्यान ज्यांची मुले आज विशीत आहेत त्यांना माझे एवढेच सांगणे, की न्यायालयात ‘कबूल’ हा शब्द उच्चारण्यापूर्वी वकिलाला दोन प्रश्न विचारा: तडजोड होते काय, आणि परिवीक्षेचा अर्ज देता येतो काय. वकील वैतागले तरी विचारा. परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे वकील मागा. दंड झालाच असेल तर निकालाची नक्कल काढून जपून ठेवा, आणि नमुन्यात खरे तेच लिहा, कारण लपविणाऱ्याची बाजू आजही अधिक लंगडी आहे.

राज्य सरकारला मात्र संसदेकडे बोट दाखविण्याची सोय नाही. स्वतःच्या सेवेतील भरतीचे नियम करण्याचा अधिकार राज्याचा, साक्षांकन नमुना राज्याचा, चारित्र्याचा दाखला देणारे पोलीसही राज्याचे. केवळ दंडावर संपलेले आणि पाच वर्षांपूर्वीचे प्रकरण नमुन्यात विचारले जाणार नाही, दाखल्यात लिहिले जाणार नाही, आणि त्यापुढील कोणत्याही नोंदीवरून नकार देण्यापूर्वी उमेदवारास लेखी कारण देऊन त्याची कैफियत ऐकली जाईल, एवढा मजकूर शासन निर्णयाच्या दीड पानात मावतो. तो काढण्यास गृह आणि सामान्य प्रशासन या दोन विभागांच्या सह्यांखेरीज कशाचीही आवश्यकता नाही.